‘परछाइयाँ’ आणि आमची बडीमा

(कोल्हार येथे झालेल्या काव्यवाचनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मागे दाराशी उभ्या असलेल्या तरुण दोस्तांनो, पुढे या, सतरंजीवर अजून जागा आहे.

आत्ता आपण साहिर लुधियानवींची ‘परछाइयाँ’ ही दीर्घ नज़्म ऐकली. आधी उर्दूत, मग तिचा मराठीतला भावार्थ. आयोजकांनी मला सांगितलं की तुम्ही या कवितेवर बोला. मी म्हणालो, मी समीक्षक नाही. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, उर्दू ऐकून ऐकून कळते, वाचायला चष्म्याबरोबर शब्दकोशही लागतो. ते म्हणाले, समीक्षा नको, ही कविता तुमच्या आयुष्यात काय करून गेली ते सांगा. ते मात्र मला सांगता येईल. पन्नास वर्षांत या कवितेनं मला तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन सोडलं आहे.

साहिरना आपण सिनेमाच्या गाण्यांमुळे ओळखतो. ‘प्यासा’ सगळ्यांना माहीत असतो. मूळ नाव अब्दुल हयी, जन्म १९२१ चा, लुधियान्याचा. १९८० साली मुंबईत गेले. ‘परछाइयाँ’ त्यांनी पन्नाशीच्या दशकात लिहिली. दुसरं महायुद्ध संपून दहाच वर्षं झाली होती. हिरोशिमा ताजं होतं आणि तिसरं युद्ध अणुबाँबचं होणार अशी भीती जगभर होती. त्या भीतीत बसून साहिर मागच्या युद्धाची आठवण काढतात.

कवितेची गोष्ट साधी आहे. चांदण्या रात्री एक प्रेमी जोडपं झाडाखाली बसलंय. त्यांना पाहून कवीला स्वतःचे दिवस आठवतात, आणि आठवणींच्या सावल्या एकामागून एक उठू लागतात. त्याचंही असंच प्रेम होतं, असंच गाव होतं. मग गावात युद्ध आलं. तोफा आल्या नाहीत, बाँब पडले नाहीत. आले ते बूट, गणवेश, लष्करी गाड्या आणि भरती करणारी माणसं. गावातली तरणी पोरं गेली आणि परत आली नाहीत. धान्य महागलं, मग मिळेनासं झालं. ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं तिला भुकेनं अशा ठिकाणी नेलं की तिथून कुणी परत आणू शकत नाही. शेवटी कवी त्या झाडाखालच्या नव्या जोडप्याकडे बघतो आणि आपल्या सगळ्यांना सावध करतो, की यापुढची लढाई झाली तर आठवण काढायला सावलीसुद्धा उरणार नाही.

ही कविता मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी कॉलेजात होतो. १९७५-७६ चा सुमार. उर्दू जाणणारे एक वडीलधारे गृहस्थ होते, त्यांना ती जवळजवळ सगळी पाठ होती. रात्री गच्चीवर बसून त्यांनी ती म्हटली. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यातलं फक्त प्रेम ऐकू आलं. वयच तसं होतं. झाड, चांदणं, चोरून भेटणं. पुढचं युद्धबिद्ध मला कवितेत उगाच घुसवल्यासारखं वाटलं. एकच ओळ मात्र डोक्यात राहिली. ओळ म्हणण्यापेक्षा चित्र राहिलं. गावातल्या वाटेवर लष्करी गाड्यांनी उडवलेली धूळ.

ती का राहिली? कारण ती धूळ मी खाल्लेली होती.

आपलं कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर आहे. नगरला लष्कराचं मोठं ठाणं, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथं. १९६५ च्या लढाईच्या वेळी मी तिसरीत होतो. आम्ही पोरं प्रवरेच्या पुलाजवळ उभे राहून लष्करी गाड्यांना हात करायचो. कुणी उसाचे कांडे द्यायचं, बायका ओवाळायला ताटं घेऊन यायच्या. जवान हसायचे. एखादा टोपी काढून हलवायचा. ज्याला जास्त जवानांनी हात केला तो त्या दिवसाचा राजा.

माझे आजोबा तेव्हा सत्तरीला आलेले. ते रस्त्याकडेच्या लिंबाखाली बाजेवर बसलेले असायचे. ते हात करायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. ओठ हलायचे. मला वाटायचं तसबीह पढताहेत. जवळ गेलो तर ते गाड्या मोजत होते. मी विचारलं, “दादा, कायको गिनते?” ते म्हणाले, “जाते वक्त गिनना, आते वक्त बी गिनना.”

पुढे जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदचा करार झाला. त्यानंतर काही दिवसांनी गाड्या परत येऊ लागल्या. आजोबा पुन्हा बाजेवर. पुन्हा ओठ हलताहेत. मी विचारलं, किती झाल्या? त्यांनी आकडा सांगितला नाही. काही गाड्या दुसऱ्या वाटेनं गेल्या असतील, काही रेल्वेनं. मोजदाद जुळणार नव्हतीच. पण त्यांना ती केल्याशिवाय राहवत नव्हतं.

आमच्या आजोबांना गावात ‘बसरेवाले’ म्हणायचे. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले होते. शिपाई म्हणून नाही, सईस म्हणून. घोड्यांना चारा-पाणी, खरारा, लीद काढणं. बंदूक कधी हातात धरली नाही. घरची जमीन कोरडवाहू, पावसाच्या भरवशावर. भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं १९२६ साली, म्हणजे पाटाच्या पाण्याची आणि उसाची आजची समृद्धी तेव्हा स्वप्नातही नव्हती. नगरच्या छावणीत घोड्यांच्या पागेत काम मिळालं, आणि तिथून एक दिवस जहाजात. तेव्हा कुणी विचारलं नाही की समोर तुर्कांचा सुलतान आहे, तो मुसलमानांचा खलिफा म्हणवतो, तुझं मन काय म्हणतं. आणि विचारलं असतं तरी त्यांच्या पोटानं काय उत्तर दिलं असतं ते उघड आहे.

१९१६ च्या सुरुवातीला ते तिकडे पोचले. त्या वेळी कुत-अल-अमारा या गावात इंग्रजांची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. त्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. आत अन्न संपलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली. आपले हिंदू-मुसलमान शिपाई कित्येक आठवडे ते मांस खायला तयार नव्हते. शेवटी फौज शरण गेली, सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत आजोबा होते. त्या सोडवणुकीच्या खटाटोपात मेलेल्या आणि जखमी झालेल्यांचा आकडा तेवीस हजार सांगतात. तेरा हजारांना सोडवायला तेवीस हजार, आणि सुटले कुणीच नाही.

आजोबा यातलं काहीही सांगत नसत. ते सांगायचे चिखलाबद्दल. दजला नदीला पूर आला की घोड्याचे पाय कसे रुतायचे, घोडा कसा बघायचा. त्यांच्या ताब्यात किती घोडे गेले आणि किती परत आले, एवढाच त्यांचा हिशेब होता. लिंबाखाली बसून गाड्या मोजायची सवय तिथली.

त्यांना एक पदक मिळालं होतं. आमच्या घरात ते अजून आहे, मी आज सोबत आणलंय, नंतर बघा. एका बाजूला पंचम जॉर्ज बादशहाचं डोकं. कडेला आजोबांचा नंबर, नाव आणि हुद्दा कोरलेला. शिपायांना हेच पदक चांदीचं मिळालं. सईस, मजूर अशा मागून चालणाऱ्यांना काशाचं. लहानपणी आम्ही ते चिंचेनं घासून चकचकीत करायचो आणि चांदीचं म्हणून मिरवायचो.

तरीही त्यांचं नाव निदान कोरलेलं आहे. बसऱ्यात त्या युद्धाचं एक स्मारक आहे. तिथं चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. त्यात बहुसंख्य आपली, हिंदुस्थानातून गेलेली. पण नावं कोरली ती अधिकाऱ्यांची. आपल्या साध्या शिपायांसाठी पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा, इतके मेले. ही स्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगानं २०२१ मध्ये चौकशी अहवाल काढला. पहिल्या महायुद्धातल्या आशियाई, आफ्रिकी मृतांना आपण समान वागणूक दिली नाही, हे त्यांनी कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, आकड्यामागे माणूस होता हे त्यांनी मान्य केलं.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. इथपर्यंत जे सांगितलं ते मला कविता पहिल्यांदा ऐकली तेव्हाही ठाऊक होतं. यापुढचं ठाऊक नव्हतं.

आमच्या घरी शब-ए-बरातला हलवा व्हायचा. चण्याच्या डाळीचा. फातिहा पढायच्या आधी दादी एक हिस्सा वेगळा काढून ठेवायची आणि म्हणायची, हा बडीमाचा. आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही बडीमा कोण. कुणी पणजी असेल, कुणी जुनी पुण्यवान बाई असेल. मोठ्यांच्या जगात अशी पुष्कळ नावं असतात.

दुसरी एक गोष्ट. रमजानमध्ये सगळं घर खजूर खाऊन रोजा सोडायचं. आजोबा मिठाच्या खड्यावर सोडायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना दात नाहीत.

आजोबा १९६९ साली गेले. दादी त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी नोकरीला लागलो, लग्न झालं. एका शब-ए-बरातला माझ्या बायकोनं, नव्या सुनेच्या कुतूहलानं, सहज विचारलं, “दादी, ये बडीमा कौन?” दादी कढईतला हलवा ढवळत होती. ढवळता ढवळता तिनं सांगितलं.

बडीमा म्हणजे आजोबांची पहिली बायको. लग्न झाल्यावर दोन वर्षांतच ते बसऱ्याला गेले. १९१८ च्या पावसाळ्यात पाऊस झाला नाही. धान्य महागलं होतंच, ते आणखी महागलं. आणि मग मानमोडी आली. आज आपण फ्लू म्हणतो, तेव्हा आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत ताप दिसला, युद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर आलेला. रेल्वेनं तो गावोगाव पोचला. दिवाळीच्या आसपास तर गावंच्या गावं आडवी. दादीनं ऐकलेलं असं, की त्या दिवसांत कबरस्तानात खड्डे खणायला धडधाकट माणूस मिळत नव्हता आणि नदीकाठी सरणाला लाकूड मिळत नव्हतं. बडीमा गेली आणि तिचं तान्हं मूलही गेलं. त्या मुलाचं तोंड आजोबांनी पाहिलेलंच नव्हतं.

त्यांना काही कळलं नाही. पत्र लिहिणार कोण आणि धाडणार कुठं? १९१९ मध्ये ते परत आले. बेलापूर स्टेशनावर उतरले आणि चालत गावी आले. बरोबर एका फडक्यात बांधलेला बसऱ्याचा खजूर होता.

दादी एवढंच म्हणाली. “वो खजूर उन्ने किसको बी नै दिए.” ते त्यांनी कबरस्तानात नेऊन ठेवले की नदीत सोडले, ते तिलाही माहीत नव्हतं. पुढे वर्षा-दोन वर्षांनी आजोबांचं दुसरं लग्न दादीशी झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच रमजानमध्ये तिनं त्यांच्यासमोर खजुराची बशी ठेवली आणि त्यांनी ती बाजूला सारली. तेव्हा तिनं सासूला विचारलं आणि तिला कळलं. त्या वर्षापासून तिनं बडीमाचा हिस्सा काढायला सुरुवात केली. सवतीचा हिस्सा. साठ वर्षं.

माझ्या बायकोनं विचारलं, त्यांचं नाव काय होतं? दादीनं सांगितलं. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो, मला नीट ऐकू आलं नाही. मनात म्हटलं, नंतर विचारू. बायकोच्याही लक्षात राहिलं नाही. दादी गेली. आता ते नाव कुणालाच माहीत नाही. मित्रांनो, मी जन्मभर हजारो पोरांची हजेरी घेतली. हे एक नाव लिहून घ्यायला मला जमलं नाही.

दादीच्या माघारी मी ‘परछाइयाँ’ पुन्हा वाचली. तेव्हा ती कविता मला दुसऱ्यांदा भेटली. या वेळी माझ्या लक्षात आलं की ही युद्धावरची कविता आहे आणि तिच्यात रणांगण जवळजवळ नाहीच. कवी रणांगणावर जात नाही. तो चूल बघतो, बाजारातला भाव बघतो, रिकामं शेत बघतो, त्या मुलीची वाट बघतो. त्यांच्या डोळ्यासमोर बंगालचा दुष्काळ होता. १९४३ साली युद्धाच्या धामधुमीत तिकडे तीस लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगानं मेली. त्यांच्यातल्या कुणालाही गोळी लागली नव्हती.

आपल्याकडचा हिशेब मांडून बघा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेतली सुमारे चौऱ्याहत्तर हजार माणसं मेली. मानमोडीनं या देशात किमान सव्वा कोटी माणसं नेली असं सरकारी अंदाजच सांगतो. सगळीच्या सगळी युद्धामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण तो ताप जहाजात बसून आला, आणि युद्धानं महाग केलेल्या धान्यामुळे अर्धपोटी राहिलेल्या माणसांना त्यानं गाठलं. चौऱ्याहत्तर हजारांसाठी दिल्लीत इंडिया गेट उभं राहिलं. बडीमासाठी वर्षातून एकदा हलव्याचा एक हिस्सा.

अशीच एक आठवण आपल्याच जिल्ह्यातल्या एका किल्ल्यात आहे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते ४५ या युद्धाच्या वर्षांत काँग्रेसचे मोठे पुढारी कैदेत होते. पंडित नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे आपण मुलांना शिकवतो. मौलाना आझादांनी तिथंच ‘गुबार-ए-खातिर’ लिहिलं, हे शिकवायचं बऱ्याचदा राहून जातं. ती पत्रं आहेत, पाठवता न येणारी, एका मित्राला लिहिलेली. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असल्याचं त्यांना कळलं होतं. पण इंग्रज सरकारकडे सवलतीची याचना त्यांनी केली नाही, आणि शेवटची भेट झाली नाही. त्या पत्रात ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख करतात. कुणाची ते माहीत नाही, रोज समोर दिसणारी. बायको गेल्याची बातमी आल्यावर ती कबर त्यांना वेगळीच दिसली.

एक देशाचा मोठा विद्वान, दुसरा कोल्हारचा निरक्षर सईस. एकानं पत्र लिहिलं, दुसऱ्यानं खजूर बाजूला सारला. आत चाललं होतं ते फार निराळं असेल असं मला वाटत नाही.

आता कविता तिसऱ्यांदा भेटली ती अलीकडे. हे बोलायला मला जरा जड जातंय, पण बोलतो.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला सव्वीस निरपराध माणसं मारली गेली. त्यात पर्यटकांना वाचवायला धावलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. मे महिन्यात चार दिवस दोन्ही देशांत लढाईसारखी परिस्थिती होती. त्या काळात माझ्या पुतण्याच्या दुकानात एक रोजचं गिऱ्हाईक आलं. ओळखीचा माणूस, वाईट नाही. मोबाईलला काच बसवून घेता घेता म्हणाला, “काय शेठ, तुमच्या स्टेटसला काही दिसलं नाही यंदा?” हसतच म्हणाला. पुतण्याही हसला. संध्याकाळी त्यानं वीर अब्दुल हमीद यांचा फोटो स्टेटसला ठेवला.

मी त्या रात्री झोपलो नाही. हमीदांचा फोटो आमच्या घरातही होता. ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंप्याच्या घरातले. १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे उडवता उडवता गेले. वय बत्तीस. मरणोत्तर परमवीरचक्र. माझ्या मुलांनी शाळेत त्यांच्यावर भाषणं केली, ती मीच लिहून दिली. मग त्या रात्री मला एवढं बोचलं काय?

बोचलं हे, की आपण त्यांची आठवण कधी काढतो? कुणी संशयानं बघितलं की काढतो. खिशातून ओळखपत्र काढून दाखवावं तशी. जो माणूस देशासाठी मेला, त्याच्यावर आपण मेल्यानंतर साठ वर्षं दुसरं काम लादलंय, आमच्यासाठी जामीन राहण्याचं. याला मी स्मरण म्हणणार नाही. विचारणाऱ्याची चूक आहेच. पण उत्तर द्यायची जी सवय आपल्याला लागली, तिच्याबद्दल आपण आपल्याशीच बोलायला हवं. पुतण्याला मी दुसऱ्या दिवशी म्हणालो, फोटो ठेव, बिनधास्त ठेव. पण १० सप्टेंबरला ठेव. आणि खाली रसूलन बीबींचं नाव लिही.

तो म्हणाला, त्या कोण?

तरुण दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करा... दोन. रसूलन बीबी म्हणजे अब्दुल हमीदांच्या पत्नी. २६ जानेवारी १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून परमवीरचक्र त्यांनी घेतलं. २०१९ साली त्या वारल्या. नवरा गेल्यानंतर जवळजवळ चौपन्न वर्षं. हमीदांची लढाई काही दिवसांची होती. त्या चौपन्न वर्षांबद्दल आपण एक ओळही शिकवत नाही.

आता कवितेशी माझं एक भांडण आहे, तेही सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा नुसता भारावलेला माणूस. एक तर कवितेतली ती मुलगी स्वतः काही बोलत नाही. तिचं सगळं दुःख कवीच्या तोंडून येतं. आमच्या बडीमाचंही तसंच, आजोबांच्या गप्प बसण्यातून आणि दादीच्या हलव्यातूनच ती मला कळली. साहिरना मी एकट्याला दोष कसा देऊ?

दुसरं, सगळ्या लढाया सारख्याच का? कुणी चालून आलं तर कुणाला तरी खेमकरणला उभं राहावंच लागतं. त्याच सप्टेंबरात पूना हॉर्सचे प्रमुख कर्नल तारापोर सियालकोटच्या आघाडीवर पडले. ते पारशी होते. ते उभे राहिले म्हणून मी पुलावर ऊस खात उभा राहू शकलो, हे मी विसरणार नाही. आपल्याच जिल्ह्यातले निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनियो नदीवर, मराठा लाईट इन्फंट्री. गोळीबारात, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून त्यांनी जखमी साथीदारांना एकेक करून उचलून आणलं, आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणूस पाठीवर घेऊन नदी ओलांडणारा हा गडी मला कवितेच्या विरुद्ध बाजूला उभा दिसत नाही. साहिरही शौर्याला नावं ठेवत नाहीत. त्यांचं म्हणणं मला इतकंच कळतं, की लढाईचा निर्णय घेणाऱ्यांनी आणि टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांनी पूर्ण बिल वाचावं. बिलात चूलही असते.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी मुलांच्या सहली नेल्या आहेत. पोरं रणगाड्याला हात लावून बघतात, फोटो काढतात. काढावेत. मागच्या खेपेला एका मुलीनं मला विचारलं, “सर, यात बसलेला माणूस कोण होता?” पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटनसमोर ती उभी होती. मला उत्तर देता आलं नाही. पण तिचा प्रश्न आजोबांच्या जातीचा होता. ती मोजत होती.

शेवटी एक विनंती, आणि मग बसतो.

आपल्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर अशी घरं पुष्कळ आहेत. मराठ्यांची आहेत. महार समाजाची आहेत, ज्यांची भरती इंग्रजांनी बंद केली होती आणि १९१७ मध्ये गरज पडल्यावर पुन्हा त्यांची पलटण उभारली, आणि युद्ध संपल्यावर मोडली. धनगरांची आहेत, आपली आहेत. ट्रंकेच्या तळाशी पदकं आहेत, पेन्शनची पुस्तकं आहेत. आपण एक साधी वही करू. दोनशे पानी, शाळेच्या दुकानात मिळते ती. एका बाजूला युद्धावर गेलेल्यांची नावं, पहिल्या महायुद्धापासून आजच्या जवानांपर्यंत. समोरच्या पानावर त्यांच्या मागे घरी राहिलेल्यांची. कोण गेली, कुणी पोरं वाढवली, कुणी जमीन सांभाळली, कुणाला पत्र मिळालं नाही. भगवतीच्या देवळात जाणारे आणि मशिदीत जाणारे, दोघांची एकच वही. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घेऊ. मी विचारलं नाही, त्याची शिक्षा मी भोगतोय.

पहिलं पान मी लिहून आणलंय. डाव्या बाजूला आजोबांचं नाव आहे, पदकावरचा नंबर आहे, ‘सईस’ असं लिहिलंय. उजव्या बाजूला लिहिलंय, ‘बडीमा, आणि तिचं तान्हं मूल. मानमोडी, १९१८.’ नावाची जागा कोरी ठेवली आहे.

वही इथं टेबलावर आहे, पेन बांधलेलं आहे. जाताना एकेक जण थांबा.